मुळासकट दूर्वा

बोरगाव मेघेत प्रमिलाबाईंचं घर विचारलं, तर लोक रंग सांगत नसत की नंबर सांगत नसत. "दूर्वावाल्या काकूचं का?" असं उलट विचारून बोट दाखवत. हे नाव प्रमिलाबाईंना मनापासून आवडायचं. नवऱ्याच्या नावानं ओळखलं जाण्यापेक्षा ते बरं होतं, आणि मुलाच्या नावानं ओळखलं जावं असं मुलानं अजून काही केलेलं नव्हतं.

नवऱ्याचं, म्हणजे नानाजींचं, वर्ध्याच्या बाजारात ताडपत्रीचं दुकान. ताडपत्री, पन्नी म्हणजे प्लास्टिकचा कागद, दोरखंड, नर्सरीवाल्यांना लागणारी हिरवी जाळी. नव्वद-एक्याण्णव साली त्यांनी बोरगावात प्लॉट घेऊन घर बांधलं, तेव्हा मागच्या बाजूला कपाशीची शेतं होती आणि पुढच्या अंगणात कमरेएवढं गाजरगवत. प्रमिलाबाईंनी ते हातानं उपटलं. कोपरापर्यंत खाज उठली, तोंड सुजलं. मग त्या केळझरला माहेरी गेल्या आणि येताना ओल्या फडक्यात गुंडाळून हरळीची मुळं घेऊन आल्या. शेतात जिला हरळी म्हणून शिव्या घालतात तीच देवापुढे दूर्वा होते, हे सगळ्यांना माहीत असतं. प्रमिलाबाईंच्या हरळीला मात्र कधीच कोणी हरळी म्हटलं नाही. ती केळझरच्या गणपतीच्या टेकडीखालची दूर्वा होती. तसं त्यांनी पहिल्याच वर्षी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पाच-सहा वर्षांत अंगण भरलं. चतुर्थीला सकाळपासून फाटकाची कडी वाजायला लागायची. गल्लीतल्या बाया ताटली घेऊन येत, उकिडव्या बसून जुडी तोडत. प्रमिलाबाई चहाचा कप घेऊन ओट्यावर बसत आणि तिथून नजर ठेवत.

"तीन पानाची पाह्य वं रक्षा. थे फाटकी कायले घेतं? देवाले फाटकं देतं काय?"

रक्षा समोरच्या किराणा दुकानदाराची बायको, तोंडाची फटकळ. "काकू, तुमी देवापेक्षा जास्त पारखून घेता जी," ती म्हणायची. प्रमिलाबाई हसायच्या. त्या कडीच्या आवाजासाठीच त्या चतुर्थीची वाट बघायच्या. उपासाचं त्यांना एवढं नव्हतं.

एक नियम होता. दूर्वा हवी तेवढी तोडा, पण मुळासकट कोणी न्यायची नाही. "मुळासकट दिली की घरची लक्ष्मी जाते," असं त्या सांगायच्या. असं कुठल्या पोथीत आहे, कोणत्या म्हातारीनं सांगितलं, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना उत्तर देता आलं नसतं, कारण तो नियम त्यांनीच केला होता. गल्लीत दूर्वा एकाच घरी असावी, एवढाच त्याचा अर्थ होता.

प्रमिलाबाईंचा मत्सर आदळआपट करणारा नव्हता. रोज केर काढावा तसा तो रोज थोडा थोडा चालायचा. जावेनं नवा कुकर घेतला तेव्हा त्यांनी त्याची शिट्टी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "आवाज चांगला हाय. दाळ शिजते का?" शेजारच्या शेवग्याला खूप शेंगा लागल्या तेव्हा त्यांनी शेंगा घेतल्या, आमटी केली, खाल्ली आणि नानाजींना सांगितलं की या शेंगांना चव नाही.

अठ्ठ्याण्णवच्या सुमारास शेजारच्या प्लॉटवर लीना आणि डॉक्टर साकेत राहायला आले. साकेत सावंगीच्या दवाखान्यात नोकरीला, लीना कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायची. दोन घरांच्या मध्ये विटांची कमरेएवढी भिंत. पाया न खोदता नुसती मातीवर रचलेली. पहिल्या संकष्टीला लीना आली, दूर्वा तोडल्या आणि जाताना म्हणाली, "काकू, एवढीशी मुळासकट द्याल का? आमच्याही अंगणात लावते. तुम्हाला सारखा त्रास नको."

"तरास कायचा त्याच्यात लीनाताई? रोज या. मुळासकट नाई देत जी आमी कोनाले."

लीनानं पुन्हा कधी मागितली नाही. याचाही प्रमिलाबाईंना राग आला. पुन्हा मागितली असती तर पुन्हा नाही म्हणता आलं असतं.

मग साकेतला मस्कतला नोकरी लागली आणि घर बंद झालं. लीनाच्या अंगणात गाजरगवत खिडकीपर्यंत चढलं. ती चार-पाच वर्षं प्रमिलाबाईंच्या आयुष्यातली सुखाची होती. भिंतीपलीकडे बघून त्या रोज एकदा "कसं झालं बिचाऱ्याईचं घर" म्हणत आणि मग आपल्या अंगणाला पाणी घालत.

दोन हजार पाचला ते परत आले. साकेतच्या सामानात एक लांब पिशवी होती आणि तिच्यात लोखंडी काठ्या होत्या. तिकडे त्याला गोल्फचा नाद लागला होता. इथे सावंगीला गोल्फ कुठून असणार. म्हणून त्यानं ठरवलं की अंगणातच एक पटिंग ग्रीन करायचं, प्लास्टिकच्या गवताचं. गवताचा गठ्ठा मुंबईहून मागवला होता, पण त्याखाली काय घालायचं ते विचारायला तो भिंतीपाशी येऊन उभा राहिला. नानाजी ओट्यावर दाढी करत होते.

"पटिंग ग्रीन म्हंजे काय जी डॉक्टरसाहेब?"

"गोल्फचा शेवटचा भाग, नानाजी. बॉल काठीनं हळूच ढकलायचा आणि भोकात पाडायचा."

"म्हंजे गोट्या."

"हो. उभ्यानं खेळायच्या गोट्या."

नानाजींना हे पटलं. अडचण अशी होती की प्लास्टिकच्या गवताखालून खरं गवत वर आलं की सगळं खराब. जागोजागी फुगवटे येतात, शिवण उसवते, बॉल सरळ जात नाही. त्यासाठी खाली तण अडवणारं कापड अंथरावं लागतं. नानाजींनी दुकानातली सगळ्यांत जाड काळी पन्नी आणून दाखवली. साकेतनं मान हलवली. पन्नीतून पाणी उतरणार नाही, आपली काळी माती फुगेल आणि गवत होडीसारखं तरंगेल. नानाजींनी पन्नीवर लोटाभर पाणी ओतून पाहिलं. पाणी तसंच बसून राहिलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला जाऊन नर्सरीवाले झाडांखाली घालतात तसलं विणलेलं काळं कापड घेऊन आले. त्यातून पाणी जातं, अंकुर वर येत नाही.

त्यानंतरची दिवाळीची सुटी प्रमिलाबाईंनी भिंतीच्या अलीकडे काढली. वाळवणाचे दिवस नव्हते, तरी त्या गच्चीवरून मिरच्या खाली आणून अंगणात वाळत घालत होत्या.

पलीकडे नानाजी मजुरांबरोबर गुडघे टेकून काम करत होते. आधी गाजरगवत मुळांसकट खणून काढलं. वीतभर काळी माती उचलली. मुरूम टाकला, पाणी मारून धुम्मसनं ठोकला, वर गिट्टीची चुरी पसरली, लांब फळी फिरवून सपाट केली. मग काळं कापड. एका पट्टीवर दुसरी पट्टी वीतभर चढवायची, तारेच्या पिना वाकवून ठोकायच्या, कडा खाली दुमडायच्या. कुठे सुरकुती दिसली की नानाजी ती पिन काढत, कापड ताणत, पुन्हा ठोकत. भिंतीपासून दोन हातांवर भोक होतं. तिथे त्यांनी कापडाला फुलीसारखा छेद दिला, चारही पाकळ्या आत वळवल्या आणि पाइपाचा तुकडा बसवला. पाणी साचू नये म्हणून पाइपाला बूड ठेवलं नाही. मग वरून हिरवं गवत.

प्रमिलाबाई बघत होत्या. त्यांच्या घरातली कपडे वाळवायची दोरी सैल होऊन दोन वर्षं झाली होती. दोरखंड विकणाऱ्या माणसाच्या घरात ती दोरी धुतलेली चादर घातली की जमिनीला टेकायची.

"अवो," त्या संध्याकाळी म्हणाल्या, "थे डॉक्टरीणबाईच्या अंगनात सुरकुती नाई राह्यली पायजे. माह्या दोरीचं काय?"

"दोरी काय पळून चालली काय? हे काम येगळं हाय. सावंगीचे अजून दोन डॉक्टर विचारून राह्यले. एक पावसाळा हे टिकलं तं त्याईचंही आपल्याकडेच येते."

"टिकते का नाई काय माईत. प्लास्टिकची सतरंजी थे."

पण गल्लीला सतरंजी आवडली. हिवाळ्यात सगळ्यांची अंगणं राखाडी झाली आणि लीनाचं मात्र हिरवंगार. बाया बघायला येत, फाटकापाशी चपला काढून आत जात, पाय टेकवून बघत. रक्षा तर त्यावर आडवीच झाली. "काकू, बिलकुल टोचत नाई जी. अन् पानी घालाचं काम नाई," तिनं परत येऊन सांगितलं. प्रमिलाबाईंच्या लक्षात आलं की रक्षा बोलत होती तेव्हा ती त्यांच्या दूर्वांवर चपला घालूनच उभी होती.

पुढच्या संकष्टीला कडी वाजली. बाया आल्या, दूर्वा तोडल्या, "येतो काकू" म्हणाल्या आणि ताटल्या घेऊन शेजारी गेल्या. भिंतीपलीकडे हसणं ऐकू येत होतं. लीना त्यांना काठी कशी धरायची ते दाखवत होती. रक्षाचा बॉल भिंतीला लागून परत आला. प्रमिलाबाईंच्या हातातला चहा निवला, तो त्यांनी दूर्वांच्या मुळाशी ओतून टाकला.

त्या दिवसापासून त्यांनी पाण्याची जागा बदलली. आधी त्या सगळ्या अंगणाला सारखं पाणी घालत. आता भांडी धुतलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, गवळ्याकडून आणलेलं शेणाचं पाणी, सगळं भिंतीच्या कडेला. हरळीला कुठे जायचं ते सांगावं लागत नाही, जिकडे ओल तिकडे ती जाते. केळझरला वडिलांच्या शेतात त्यांनी बांधाखालून पलीकडे गेलेली हरळी लहानपणी पाहिली होती. विटांच्या खाली तर पायाही नव्हता. आपण काय करतो आहोत हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण कोणी विचारलंच तर सांगायला उत्तर तयार होतं: मी माह्या अंगनाले पानी घालून राह्यली.

होळीच्या आसपास लीनाच्या हिरव्या गवताच्या भिंतीकडच्या कडेला वेगळाच हिरवा रंग दिसायला लागला. प्लास्टिकच्या दुमडीतून कोवळी टोकं निघाली होती. साकेतनं नानाजींना बोलावलं. तो चिडला नाही, पण त्यानं मोबाइलवर फोटो काढून ठेवला, आणि त्याच संध्याकाळी सावंगीचे दोन डॉक्टर येऊन कडेला वाकून बघून गेले. नानाजी घरी आले ते जेवलेच नाहीत.

"तुह्यी हराळी तिकडे चालली," ते म्हणाले.

"गवत हाय थे. त्याले काय भिंत समजते?"

"भिंतीजवळची हातभर काढून टाकू. मी खनतो."

"माह्या माहेरची दूर्वा हाय. हात लावाल तं पाह्यजा."

त्यांनी हात लावला नाही. प्रमिलाबाई भाचीच्या लग्नासाठी पंधरा दिवस केळझरला गेल्या तोपर्यंत.

परत आल्या तेव्हा ऊन टळटळीत होतं. फाटक उघडलं आणि त्या पिशवी हातात धरूनच उभ्या राहिल्या. अंगण पिवळं पडलं होतं. भिंतीच्या कडेला हातभर खोल चर खणून त्यात पन्नी उभी पुरलेली होती, वर माती दाबलेली. आणि पन्नीच्या अलीकडे, भिंतीपासून ओट्यापर्यंत, सगळी दूर्वा वाळलेल्या तुरीच्या पाल्यासारखी.

नानाजी घरातच होते.

"मी तं फक्त भिंतीजवळ तननाशक मारलं," ते म्हणाले. "चर खनून तिकडची मुळं तोडली, पन्नी टाकली, अन् तिकडे परत जाऊ नये म्हून भिंतीजवळ थोडी फवारनी केली. एवढं सारं कसं वाळलं काय समजत नाई."

समजण्यासारखंच होतं. अंगणभर दिसणारी ती हरळी वेगवेगळी नव्हतीच. फडक्यात गुंडाळून आणलेल्या त्या मूठभर मुळांचाच तो पसारा होता. एका टोकाला पाजलेलं औषध धावत धावत दुसऱ्या टोकाला गेलं होतं.

प्रमिलाबाई ओट्यावर बसल्या. "डॉक्टरीणबाईच्या सतरंजीसाठी माह्यी दूर्वा मारली तुमी."

"माह्या कामाचं नाव चाललं होतं."

"अन् माह्यं?"

नानाजींनी पिवळ्या अंगणाकडे पाहिलं. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तू सारं पानी त्या भिंतीलेच काऊन टाकत होती? सांग मले. अख्खं अंगन सोडून?"

त्या उठून आत गेल्या. पुढे कितीतरी दिवस त्या नवऱ्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि नानाजींनी न सांगता कपड्यांची दोरी ताणून बांधली. त्या दोरीवर प्रमिलाबाईंनी आठवडाभर एकही कपडा घातला नाही.

चतुर्थीला आता कडी वाजेना. पहिल्या वेळी रक्षा आली, पिवळं अंगण पाहून "अगं बाई" म्हणाली आणि बाजारातून दूर्वा आणायला गेली. पुढच्या वेळी तीही आली नाही. प्रमिलाबाईंनी केळझरहून पुन्हा मुळं आणायचं ठरवलं, पण भाऊ म्हणाला, टेकडीखाली आता रस्ता रुंद झाला, तिथं कुठली दूर्वा. मग आवेशानं आणलेल्या बाजारच्या मुळांना त्या औषध प्यायलेल्या मातीत जीव धरता आला नाही. अंगणात पुन्हा गाजरगवत डोकं काढू लागलं.

आणि श्रावणात लीनाच्या अंगणातल्या त्या गोट्यांच्या भोकातून दूर्वा आल्या.

चर खणताना नानाजींनी जी मुळं तोडली होती त्यांतली पलीकडची मेली नव्हती. औषध पन्नीच्या अलीकडे राहिलं. तिकडची तुटलेली टोकं काळ्या कापडाखाली अंधारात सरकत राहिली. वर जायला कुठे वाट नव्हती. होळीनंतर नानाजींनी कड आणि शिवण पुन्हा अशी पक्की केली होती की सुई शिरली नसती. वाट एकच होती, बूड नसलेला पाइप. पावसाचं पाणी तिथूनच खाली उतरत होतं, उजेडही तिथूनच येत होता. एके सकाळी साकेतनं बॉल ढकलला, तो बरोबर भोकात गेला आणि आत न पडता वरच बसून राहिला. खाली दाट कोवळ्या दूर्वांचा झुपका होता.

साकेत कात्री आणायला गेला. लीनानं त्याला थांबवलं.

"गणपती होईपर्यंत राहू दे."

"अगं, खेळायचं कसं?"

"महिनाभर नाही पडला बॉल तर काय बिघडतं? प्लास्टिकमधून दूर्वा आली आहे आपल्याकडे. मी नाही कापू देणार."

पुढच्या संकष्टीपर्यंत ही गोष्ट गल्लीभर झाली होती. रक्षा प्रमिलाबाईंना ती सांगायला मुद्दाम आली.

"काकू, ऐकलं का तुमी? कोनी लावली नाई, पानी घातलं नाई. बराबर त्या गोल भोकातूनच निघाली. जसं काही कुंडीच केली देवानं. अन् नानाजीचंही नाव झालं, सारीकडे कापड टाकलं अन् देवापुरती जागा बराबर ठेवली म्हनतात."

"थे माह्यीच हाय," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"काय?"

"दूर्वा. माह्यीच दूर्वा हाय थे. भिंतीखालून गेली."

रक्षा हसली. "काकू, तुमची तं जळली ना जी. अन् भिंतीखालून कायले जाईन थे? इकडे एवढं अंगन असताना?"

याचं उत्तर प्रमिलाबाईंकडे होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. त्यांनी सुपातले तांदूळ पाखडायला घेतले आणि रक्षा जाईपर्यंत पाखडत राहिल्या.

आता शेजारच्या फाटकाची कडी वाजत होती. ती वेगळ्या आवाजात वाजायची, जरा बारीक. बाया चपला काढून हिरव्या प्लास्टिकवरून चालत जात आणि भोकाभोवती बसून एकेक दूर्वा तोडत. लीना कोणाला पारखायला सांगत नव्हती. हव्या तेवढ्या घ्या म्हणायची. एकदा ती भिंतीपाशी येऊन आनंदानं म्हणाली, "काकू, काल केळझरला गेलो होतो. तुमच्या माहेरच्या गणपतीला इथली जुडी वाहून आले." प्रमिलाबाई म्हणाल्या, "चांगलं केलं." त्या रात्री त्यांना झोप आली नाही, आणि सावंगीच्या दोन्ही डॉक्टरांचं काम मिळाल्याचं नानाजींनी सांगितलं तेव्हा त्या दुसऱ्या कुशीला वळल्या.

गणेश चतुर्थीला नानाजींनी मूर्ती चौरंगावर ठेवली, सोवळं नेसले आणि थाळीकडे बघितलं. फूल होतं, कुंकू होतं, शमी होती.

"दूर्वा?"

प्रमिलाबाई समईची वात सारखी करत राहिल्या.

"बाजारातून आनू का मी?"

"बाजारची नालीकाठची राह्यते."

"मंग?"

त्यांचं अंगण वाळेपर्यंत गल्लीतल्या एकाही बाईला बाजाराची वाट धरावी लागली नव्हती. प्रमिलाबाईंनी ताटली घेतली आणि बाहेर पडल्या. बाकीच्या बाया येऊन गेल्या असतील अशी वेळ त्यांनी साधली होती. शेजारचं फाटक आतल्या बाजूला उघडायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्या ते बाहेर ओढत राहिल्या आणि कडी दोन-तीनदा वाजली.

लीना पदराला हात पुसत बाहेर आली. "काकू, या ना. मी वाटच बघत होते. तुमच्यासाठी थोड्या राखून ठेवल्यात, कोणाला तोडू दिल्या नाहीत. तुम्ही घ्या, मी हळदीकुंकू आणते."

ती आत गेली. प्रमिलाबाईंनी चपला काढल्या. मग भोकापाशी गुडघे टेकले. गुडघ्याला खरंच टोचत नव्हतं. खाली चुरी इतकी सपाट होती की हात फिरवला तर कुठे खड्डा लागला नाही, कुठे उंचवटा लागला नाही. हे सगळं त्यांच्या नवऱ्यानं केलं होतं. गुडघे टेकून, पुन्हा पुन्हा कापड ताणून. भोकात दूर्वा उभ्या होत्या, त्यांच्या अंगणात कधी आल्या नव्हत्या इतक्या लांब, इतक्या कोवळ्या, सगळ्या तीन पानांच्या. अंधारातून वर आल्यामुळे त्यांचा रंग पोपटी होता.

त्यांनी जुडी तोडली आणि ताटलीत ठेवली. घरातून भांड्यांचा आवाज येत होता. त्यांनी पुन्हा हात भोकात घातला, या वेळी मनगटापर्यंत. बोटांना खालची जाड वेल लागली, पेरं लागली. त्यांनी ती दोन बोटांत धरली, हळू हळू हलवली आणि ओढली. वीतभर वेल मुळांसकट बाहेर आली. त्यांनी ती पदराच्या टोकात गुंडाळून कमरेला खोचली. हिरव्या प्लास्टिकवर काळी माती सांडली होती, ती त्यांनी हातानं झाडून भोकात लोटली.

लीना कुंकवाचा करंडा घेऊन आली. तिनं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, वाकून नमस्कार केला आणि वर उठताना तिची नजर प्रमिलाबाईंच्या कमरेपाशी थांबली. पदरातून एक पांढरं मूळ लोंबत होतं आणि त्याच्या टोकाला मातीचा ओला गोळा होता.

लीनानं करंड्याचं झाकण लावलं.

"मुळासकट निघाली का काकू?" लीना म्हणाली. "असू द्या. अजून हवी तर घ्या. मी देते काढून."

"निघाली तं काय करू," प्रमिलाबाई म्हणाल्या. "जमीनच भुसभुशीत हाय तुमची. वरचं तोडाले गेली अन् खालचं हाती आलं."

"हो ना. पावसानं भुसभुशीत झाली आहे."

लीनाच्या आवाजात टोमणा नव्हता. प्रमिलाबाईंनी शोधून पाहिला. असता तर त्यांना घरी जाणं सोपं गेलं असतं. त्या ताटली घेऊन फाटकापर्यंत गेल्या, या वेळी फाटक बरोबर आत ओढलं आणि मागे न बघता म्हणाल्या, "संध्याकाळी आरतीले या. डॉक्टरसाहेबालेही आना."

"येतो ना काकू."

पूजा झाली. नानाजींनी दूर्वा वाहताना जुडी उजेडात धरून पाहिली. आरतीचं तबक खाली ठेवून प्रमिलाबाई खुरपं घेऊन अंगणात आल्या. नानाजी सोवळ्यातच ओट्यावर येऊन उभे राहिले. बायकोच्या हातातली वेल त्यांना दिसली.

"कोठून आनली?"

"केळझरची हाय."

नानाजींनी एकदा वेलीकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. "बरं," ते म्हणाले. "मंग या बाजूले लाव, ओट्याजवळ. इथली माती मी बदलून देतो. भिंतीपासून दूर राहू दे यंदा. तिकडे माह्यं काम हाय."

प्रमिलाबाईंनी ऐकून घेतलं. पदर खोचला, गाजरगवताचं एक रोप उपटून बाजूला फेकलं आणि भिंतीला लागूनच खड्डा करायला घेतला.